चंदीगडात अडकलेलं बिऱ्हाड

चंदीगडला पाच दिवस राहून आले म्हटलं की आमच्या मिरजेतल्या बायका आधी विचारतात, रॉक गार्डन पाहिलंत का. मग विचारतात, तलावावर फिरलात का. मी दोन्ही पाहिलं नाही. मी पाच दिवस एका गाडीचं उघडं बॉनेट पाहिलं आणि त्यात वाकलेल्या निरनिराळ्या पुरुषांच्या पाठी पाहिल्या. ज्यांना प्रेक्षणीय स्थळं हवी असतील त्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी वाचावं, हे आधीच सांगून ठेवते.

गाडीची ओळख सगळ्यात आधी, कारण घरात तिचाच मान मोठा. आमचे साहेब वीज खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. अख्खी कॉलनी त्यांना साहेब म्हणते म्हणून मीही म्हणते, माझ्या म्हणण्यात जरा निराळा सूर असतो एवढंच. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी सतरा सीटांची डिझेल व्हॅन घेतली, सीटा काढून टाकल्या आणि कोल्हापुरात बसच्या बॉडी बांधणाऱ्या एका कारखान्यातून आत पलंग, शेगडी, बेसिन आणि कपाटाएवढा संडास बसवून घेतला. ते तिला मोटरहोम म्हणतात. मी बिऱ्हाड म्हणते, विंचवाचं पाठीवर असतं ते.

माझं म्हणाल तर मी एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. हिमालयाच्या पलीकडं स्पितीचं शीत वाळवंट, तो पर्जन्यछायेचा प्रदेश, तिथं पाऊस पोचत नाही, लिहून घ्या. एकतीस वर्षं नकाशावर छडी टेकवून सांगितलं आणि स्वतः उत्तरेला नाशिकच्या वर गेले नव्हते. निरोप समारंभाला एका मुलीनं उभं राहून विचारलं, "बाई, तुम्ही पाहिलंय का हो ते?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायला सांगितलेत, दिवाळीनंतरची तारीख दिलीय. आता एवढी चढउतार पुन्हा काही व्हायची नाही. म्हणून साहेबांना निक्षून सांगितलं की या उन्हाळ्यात मला स्पिती दाखवा, नाहीतर तुमचं ते मोटरहोम कोंबड्या पाळायला द्या.

अक्षय्य तृतीयेला निघालो. आदल्या दिवशी साहेबांनी पाण्याच्या फवाऱ्यानं इंजिन लख्ख धुऊन आणलं, निघताना मी बॉनेट उघडून यथासांग पूजा केली, आणि वाटेतले मुक्काम धरून अकरा दिवस सुखाचे गेले. राजस्थानचं वर्णन करत नाही. ऊन होतं, आम्ही त्यातून बाहेर पडलो.

मंगळवार: झिरकपूर

अंबाल्यापाशी गाडीच्या काट्यांमध्ये पिवळा दिवा लागला आणि गाडी वीसच्या वर जाईना. साहेबांनी कडेला घेऊन बॉनेट उघडलं, पाच मिनिटं आत डोकं घातलं, कुठंतरी बोट फिरवलं, बोट रुमालाला पुसलं आणि बॉनेट बंद केलं.

"काय झालंय?" मी विचारलं.

"काही नाही. गरम झालीय."

तेहतीस हजार व्होल्टच्या लाइनी सांभाळलेला हा माणूस, आणि निदान काय, तर गरम झालीय. मे महिन्यात अंबाल्याला दगडसुद्धा गरम असतो. हे मी त्यांना सांगितलं, आणि पुढचे दोन तास सांगतच राहिले. ट्रॅक्टर आम्हाला मागं टाकून जात होते. एका सरदारजीनं ट्रॅक्टर आमच्या बरोबरीनं आणून चालता चालता विचारलं, "पंचर है?" साहेबांनी नाही म्हणून मान हलवली. "फेर?" त्यानं विचारलं. म्हणजे मग काय. साहेबांनी बॉनेटकडं बोट दाखवलं, तो हसून पुढं निघून गेला.

झिरकपूरला पोचल्यावर मात्र आमची गाडी एकदम चारचौघींसारखी वाटायला लागली, कारण तिथं सगळ्याच गाड्या वीसनं चालतात. दहा मिनिटांवर चंदीगड, सरळ रेषेत आखलेलं, पट्टीनं मोजलेलं. आणि हद्दीच्या अलीकडं झिरकपूर, जिथं ज्याला जिथं जागा मिळाली तिथं त्यानं दहा मजले चढवलेत. चंदीगडात सिग्नलला पोलीस नसताना थांबणारी माणसं हद्द ओलांडली की उलट्या बाजूनं गाडी घालतात. माणसं तीच, गाड्या त्याच. शिस्त नोकरीसारखी घरी परत येताना तिकडंच ठेवून येतात.

आमचा मुलगा नचिकेत आयटी पार्कात नोकरीला आहे आणि राहायला झिरकपूरला, नवव्या मजल्यावर. सूनबाई त्या आठवड्यात ऑफिसच्या कामानं बेंगळुरूला गेली होती. घरात तो आणि आठ वर्षांची नात ईरा. बिऱ्हाड कमर्शियल दिसतं म्हणून सोसायटीच्या रखवालदारानं आत सोडलं नाही, ते शेजारच्या मॅरेज पॅलेसच्या मोकळ्या जागेत, रोषणाईच्या कमानीखाली उभं केलं. ईरा खाली बघायला आली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतनं येतं. "दादी, आप लोग सच में इसमें सोते हो?" तिनं विचारलं. हो म्हटल्यावर तिला आमची फार कीव आली.

नचिकेतनं कीव वगैरे काही केली नाही. जेवणं झाल्यावर म्हणाला, "बाबा, तुम्ही इंजिन धुतलंत? प्रेशर वॉशरनं? आत सगळं इलेक्ट्रॉनिक्स असतं. कोण करतं असं?"

साहेब भातावर कढी घेत होते, ती घेतच राहिले. नचिकेत माझ्याकडं वळला.

"बस झालं यार आई आता. शनिवारी सकाळी एक माणूस गाडी बघायला येतोय. त्याला फूड ट्रक करायचाय."

"कशाचा?"

"मोमोचा."

माझ्या पलंगाच्या जागी मोमो उकडणार, हे ऐकून मी हातातला घास ताटात ठेवला. मी भांडले. शेवटी तडजोड अशी निघाली की शनिवारपर्यंत गाडी पक्की दुरुस्त झाली तर पुढचं बघू, नाहीतर तो आमची पुण्याची विमानाची तिकिटं काढणार. माझी स्पिती चार दिवसांवर येऊन टांगली होती, आणि ज्यांच्या फवाऱ्यानं ती टांगली ते साहेब ताक पीत होते. मग मीही नचिकेतच्या सुरात सूर मिसळला. इंजिन काय म्हैस आहे का धुवायला, असं मी म्हणाले. ते वाक्य मला इतकं आवडलं की त्या आठवड्यात पाच-सहा वेळा वापरलं.

बुधवार: इंडस्ट्रियल एरिया

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरपर्यंत जायचं म्हणजे चंदीगडातून वीसच्या वेगानं जायचं. मिरजेत पत्ता सांगताना मारुतीचं देऊळ लागतं, पिठाची गिरणी लागते, तिथं पुन्हा विचारा म्हणून सांगतात. चंदीगडात नुसते आकडे सांगतात. सगळे चौक गोल, सगळे सारखे, सगळ्यांत हिरवळ. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बहावा असा फुलला होता की डोळ्यांचं पारणं फिटावं, पण तोच बहावा आम्ही तिसऱ्यांदा पाहतोय हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "झाडं सारखीच असतात." चौथ्या फेरीला त्यांनी बाहेर काढली.

सर्व्हिस सेंटरला गारगार हॉल, कॉफीचं यंत्र, भिंतीवर बर्फातल्या गाडीचं चित्र. आमच्याशी बोलायला टाय लावलेला एक तरुण आला. त्याच्या हातात टॅब होता. तो गाडीकडं गेला नाही, गाडीच्या आतून एक वायर त्याच्या टॅबकडं आली. दोन मिनिटांत त्यानं सांगितलं की इंजिनात डिझेलचा दाब मोजणारा जो सेन्सर असतो, त्याच्याकडून निरोप नीट येत नाहीय. सेन्सर चांगला आहे. त्याच्या टोकाला वायरी जोडणारा प्लास्टिकचा कनेक्टर खराब आहे.

"मग कनेक्टर बदला," साहेब म्हणाले.

"सर, कनेक्टर अलग से नहीं आता. पूरी वायरिंग आती है, इंजन की."

"कुठून?"

"पुणे से सर. तीन हफ्ते."

माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी ती प्लास्टिकची डबी. तिच्यासाठी इंजिनाची सगळी वायरिंग काढायची, आणि ती वायरिंग कुठून यायची, तर जिथून आम्ही दोन हजार किलोमीटर ऊर फुटेस्तोवर आलो त्याच्या शेजारून. मी त्या पोराला विचारलं, बाळा, शर्टाचं बटण तुटलं तर तू शर्ट टाकतोस का? तो अदबीनं म्हणाला, "मॅम, कंपनी पॉलिसी है." पुढं टॅबवर एक फॉर्म आला आणि त्यांच्या सेवेबद्दल आम्ही किती समाधानी आहोत ते तारे देऊन सांगायला त्यानं सांगितलं. मी शिक्षिका आहे, पाचपैकी शून्य देता येतं का विचारलं. येत नव्हतं.

खरी मदत झाली ती फाटकावरच्या रखवालदाराची. बाहेर पडताना त्यानं गाडी हळू जाताना पाहिली, खिडकीपाशी आला आणि हळूच म्हणाला, "अंदर पूछोगे तो अंदर वाला जवाब मिलेगा. मनीमाजरा जाओ. बलविंदर इलेक्ट्रिशियन." इतकं बोलून तो पुन्हा फाटकापाशी ताठ उभा राहिला.

गुरुवार, शुक्रवार: मनीमाजरा

मनीमाजऱ्याला कागदावर आता सेक्टर तेरा म्हणतात. तोंडानं कुणी म्हणत नाही. चंदीगडची पट्टी इथं येऊन मोडलीय, आणि मला तर तिथं पाऊल ठेवल्यावर घरी आल्यासारखं वाटलं. गल्लीभर गाड्यांचे अवयव, टपरीवर चहा, भिंतीला टेकून सायलेन्सर, आणि कुठलाही पत्ता विचारला की तिघं एकदम तीन दिशांना हात करणार.

बलविंदरसिंग साठीचे, पांढरी दाढी, फिकट निळी पगडी, बनियनवर चष्मा लोंबतोय. दुकानाच्या मागच्या भिंतीला शे-दोनशे जुने कनेक्टर वायरीच्या शेपटासकट खिळ्यांना अडकवलेले होते. त्यांना तिकडं कपलर म्हणतात. साहेबांनी टॅबवरचं निदान इंग्रजीतून सविस्तर सांगायला सुरुवात केली. बलविंदरजींनी हात वर करून थांबवलं. "साहब, पहले चाय."

आता ही तिकडची रीत. आमच्याकडं कामाला माणूस आला की काम झाल्यावर चहा विचारतात, तोही "घेणार का" असा विचारतात, म्हणजे नको म्हणायला वाव राहतो. पंजाबात आधी प्यायचं, मग आजार सांगायचा. चहा म्हणजे आटवलेलं दूध, त्याला पत्तीचा नुसता वास लागलेला. मी डब्यातलं भडंग पुढं केलं. बलविंदरजींनी बकाणा भरला, थांबले, म्हणाले, "मुरमुरे में लसण किसने डाला?" मी म्हटलं, मी. त्यांनी डबा आपल्या बाजूला ओढून घेतला.

त्यांची काम करायची पद्धतही निराळी. टॅब नाही, काही नाही. साहेबांना इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि बॉनेटमध्ये एकेक वायर दोन बोटांनी धरून हळू हळू हलवत गेले, डोळे मिटून, कान इंजिनाकडं. पाचवी की सहावी वायर हलली आणि इंजिन ठसकलं. सोडली, ठीक. हलवली, ठसकलं. "ये बीमार है," म्हणाले. टाय लावलेल्या पोरानं यंत्रावर जे सांगितलं तेच. फरक एवढाच की हे पुण्याला पाठवणार नव्हते.

गुरुवार तेवढ्यातच गेला, कारण त्या मापाचा कपलर भिंतीवर सापडेना. शुक्रवारी सकाळी आम्ही गेलो तेव्हा त्यांनी भंगारात निघालेल्या कुठल्यातरी गाडीचा, तसाच्या तसा कपलर तीन वायरींच्या शेपटासकट मिळवून ठेवला होता. तो सेन्सरवर बसवून पाहिला, टक् करून बसला. जोडावर चढवायची, गरम केली की आवळून बसणारी रबरी नळी आणायला साहेब दोन दुकानं पलीकडं गेले. बलविंदरजींनी जुना कपलर काढून उजेडात धरला आणि मला जवळ बोलावलं.

"भैणजी, ये देखो."

आत हिरवा गंज चढला होता. कडेची रबरी सील जुनी होऊन चिरलेली, खटका तुटलेला. आणि तळाशी, पिनांच्या भोवती, चिकट असा एक लालसर थर. त्यांनी काडीनं तो खरवडला, बोटांत चोळला, वास घेतला.

"खाली पानी होता तो सूख जाता. ये मीठा है. चिपकता है." मग माझ्याकडं बघून, अगदी गंभीरपणे, "इंजन को प्रसाद किसने खिलाया?"

मिरजेहून निघतानाची पूजा माझ्या डोळ्यांपुढं उभी राहिली. बॉनेट उघडं, इंजिन लख्ख, त्यात मधोमध तो एक चकचकीत भाग, त्याला मी हळद लावली, कुंकू लावलं, नारळ फोडला आणि त्याचं पाणी वाया जायला नको म्हणून, थेंब न सांडता, सगळं त्याच्यावर ओतलं. अभिषेकच केला म्हणा. साहेब तेव्हा म्हणत होते, अगं, पुढच्या चाकावर घाल. मी म्हटलं होतं, यात तुमचं काय जातंय?

"हम भी अरदास करते हैं," बलविंदरजी म्हणाले, "पर बोनट बंद करके."

तेवढ्यात साहेब आले. बलविंदरजींनी जुना कपलर मुकाट्यानं बनियनच्या खिशात टाकला. त्या माणसाचे उपकार मी विसरायची नाही.

पुढचं काम साहेबांनी स्वतः करायचं ठरवलं. नव्या शेपटाच्या तीन वायरी, गाडीच्या तीन वायरी, रंग मात्र वेगळे. वीज खात्यात छत्तीस वर्षं लाल, पिवळा, निळा अशा तीन फेजा जुळवत आलेला माणूस, तीन वायरी दिसल्यावर दुसरं काय करणार? लालला लाल मिळाला, पिवळ्याला पिवळसर, उरला तो निळ्याला. पीळ मारून किल्लीकडं हात नेतात तोच बलविंदरजी ओरडले, "चाबी नहीं!" इथं रंगाला अर्थ नाही, कुठल्या भोकातली वायर कुठल्या भोकाला जाते ते बघायचं, असं त्यांनी समजावलं. उलटं जोडून किल्ली फिरवली असती तर चांगला सेन्सरही गेला असता. आणि त्या वायरीत व्होल्ट किती, तर पाच.

साहेबांचा चेहरा पडला. गल्लीतले दोघं-तिघं बघत होते. एरवी अशी संधी मी सोडली नसती, पाच व्होल्टवर निदान पाच वाक्यं झाली असती. मी गप्प बसले. साहेबांनी दोनदा माझ्याकडं वळून पाहिलं आणि शेवटी विचारलं, "तुला बरं नाही का?"

बलविंदरजींनी तीन वायरी वेगवेगळ्या लांबीवर कापल्या, म्हणजे तीन जोड एका जागी येऊन फुगवटा होणार नाही. एकेक जोड झाळून पक्का केला, त्यावर नळी चढवून आवळली, आणि कपलर बसवून खटका लागल्याचा आवाज साहेबांना मुद्दाम ऐकवला. पिवळा दिवा विझला. गाडी गल्लीतून अशी उसळली की साहेबांनी घाबरून ब्रेक मारला. मला आनंदानं ओरडावंसं वाटलं, पण डोळ्यांपुढून तो लाल थर हलेना.

शनिवार: नववा मजला

सकाळी पराठे, लोणी आणि दही. नचिकेतला वाटलं होतं आम्ही खुशीत असू. गाडी दुरुस्त झाली होती, चंदीगडच्या चार चौकांना ऐंशीच्या झोकात वळसे घालून साहेबांनी ते सिद्धही केलं होतं, त्याबद्दल दंडाची एक पावतीही येईल म्हणे. पण नचिकेत म्हणाला, "माझा मुद्दा गाडीचा नाहीच आहे. मुद्दा बाबांचा आहे. तेव्हा इंजिन धुतलं, काल वायर उलटी जोडली. उद्या घाटात काय करतील? गाडी देऊन टाकूया. प्लीज."

वायरीचं त्याला कुणी सांगितलं? मीच सांगितलं होतं, शुक्रवारी रात्री, हसत हसत. सवय जाते का कुठं.

आणि साहेब म्हणाले, "देऊन टाक बाबा. माझा हात आता तसा राहिला नाही."

असं बोलताना त्यांना मी लग्नाच्या पस्तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मी त्यांना रोज टोमणे मारत आले, पण ते कधी खचले नव्हते. आता ते खचले, आणि ज्याच्यासाठी खचले तो गुन्हा त्यांचा नव्हता. मी गप्प राहिले तर स्पिती गेली. बोलले तर बाईंचं नाक गेलं. खोटं कशाला सांगू, एक अख्खा पराठा संपेपर्यंत मी विचार करत होते.

"नचू," मी म्हटलं, "तो कपलर पाण्यानं गेला नाही. नारळाच्या पाण्यानं गेला. मी ओतलं. वर हळदकुंकूही घातलं."

ईरा सगळ्यात आधी हसली. "दादी ने इंजन को नारियल पानी पिलाया!" नचिकेतनं डोक्याला हात लावला. साहेब पराठ्यावर लोणी पसरत होते, ते कडेपर्यंत नीट पसरलं आणि म्हणाले, "मला माहीत होतं."

"काय?"

"अंबाल्याला बॉनेट उघडलं तेव्हाच बोटाला कुंकू लागलं."

पाच दिवस. म्हैस ऐकली, गरम झालीयवरचे टोमणे ऐकले, मुलाचं ऐकलं. माझा आवाज चढला. "मग बोलला का नाहीत?"

"तू बोलू दिलंस तर," साहेब म्हणाले, आणि पराठा खाल्ला.

मी त्यांच्याकडं बघू शकले नाही. नचिकेतनं ताटली बाजूला सारली. मग त्याचा आवाज वेगळा आला. "आई, तिकडं नेटवर्क नसतं. तुम्हाला दोघांना काही झालं तर मला कळणारसुद्धा नाही."

हे खरं कारण होतं. मोमो, फवारा, वायर, सगळं त्याच्यावरची गवसणी. मला पोराची माया आली, आणि तरीही तोंडात आलं ते मी बोललेच. "मिरजेत नेटवर्क आहे, बाळा. तू रविवारी फोन करतोस. सोमवारी काही झालं तर तुला पुढच्या रविवारीच कळेल."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही. बोलले ते बोलले, पण ते खरं होतं, म्हणून मी माफी मागितली नाही. मोमोवाल्याला त्यानं माझ्यासमोरच फोन करून नाही म्हणून सांगितलं. मग खाली आला, टायरमधली हवा पाहिली, आणि बॉनेट उघडून त्या नव्या कपलरकडं बराच वेळ बघत उभा राहिला. दुपारी आम्ही निघालो. चंडीमंदिरची छावणी मागं पडली, पिंजोर गेलं, परवाणूचा चढ लागला, आणि तिसऱ्या गिअरमध्ये बिऱ्हाड कुरकुर न करता चढायला लागलं. माझी नजर सोलनपर्यंत पिवळ्या दिव्याच्या जागेवर होती.

आणि स्पिती

किन्नौरचं मी फार सांगत नाही. रस्ता दरीला चिकटून जातो आणि गुडघे असोत नसोत, दोन्ही पाय गाडीच्या तळाला रोवले जातात. पाचव्या दिवशी झाडं संपली. मग गवत संपलं. डोंगर नुसते, मातीचे, तांबडे, करडे, जांभळे, आणि त्यांच्या पायथ्याशी नदी. एकतीस वर्षं फळ्यावर काढलेलं सगळं समोर होतं. मी साहेबांना सांगायला सुरुवात केली. मान्सूनचे वारे दक्षिणेकडून येतात, हिमालय त्यांना अडवतो, पलीकडच्या उतारावर ढगांतलं पाणी संपतं, म्हणून इकडं, या प्रदेशात, पाऊस अजिबात पोचत नाही. आवाज अगदी वर्गातला लागला होता.

काचेवर एक थेंब पडला. मग दुसरा. मग पाऊस सुरू झाला, बारीक, थंड, चांगला धुवून काढणारा. समोर रस्ता दिसेना.

मी साहेबांकडं पाहिलं. त्यांच्या जागी मी असते तर काय काय बोलले असते ते मला तोंडपाठ होतं. साहेबांनी वायपर लावला आणि गाडी चालवत राहिले.